निवडणूक आणि संघटनेचे दोन गल्ले

निवडणूक जाहीर झाली की आमच्या युनियनच्या खोलीत दोन प्रकारची माणसे येतात. पहिला म्हणतो, "आता आचारसंहिता लागली. निवेदन नाही, सभा नाही, मागणी नाही. निकाल लागेपर्यंत गप्प बसा." दुसरा म्हणतो, "संघटना आपली, पैसा आपला आणि उमेदवारही आपलाच. एक जीप लावून दिली तर बिघडले कोठे?" पहिला भित्रा असतो असे नाही, आणि दुसरा लबाड असतो असेही नाही. दोघेही आपल्या समजुतीप्रमाणे संघटनेचे भलेच चिंतीत असतात. परंतु दोघांनीही कायदा वाचलेला नसतो. पहिल्याचे ऐकले तर संघटना मुकी होते. दुसऱ्याचे ऐकले तर ती कोणाच्या तरी दावणीला बांधली जाते.

हा प्रश्न केवळ कामगार संघटनांचा नाही. महिला मंडळ, वाचनालय, पाणलोटाचे काम करणारी संस्था, शेतकऱ्यांचा गट, धर्मादाय दवाखाना, निवृत्तांचा संघ अशा सर्वांपुढे दर निवडणुकीला तो उभा राहतो. आपण काय बोलावे, किती बोलावे, कोणाच्या पैशाने बोलावे? यासंबंधी कायद्यात जे आहे ते मी माझ्या शक्तीप्रमाणे येथे मांडणार आहे. मी वकील नाही. कायद्याची पुस्तके मी काम संपल्यावर, रात्री कंदिलाशी आणि पुढे विजेच्या दिव्याशी बसून वाचली. ती वाचण्याची गरज ज्या प्रसंगामुळे पडली तो आधी सांगतो.

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी मी एका युनियनमध्ये नवखा कार्यकर्ता होतो. जिनिंगचा हंगाम चालू होता. कापूस निवडणाऱ्या बाया, गाठी उचलणारे हमाल आणि यंत्रावरचे मजूर असे आमचे सभासद. एका उमेदवाराने मजुरांच्या बाजूने चार शब्द बोलले होते, म्हणून आमच्या पुढाऱ्यांनी त्याच्या प्रचाराच्या जीपमध्ये युनियनच्या पैशाने डिझेल भरले. कीर्दीत तो खर्च "प्रवास" म्हणून पडला. मीच तो लिहिला. हंगामाच्या शेवटी हिशेब वाचून दाखवताना मागच्या ओळीतून एक बाई उभी राहिली. ती म्हणाली, "भाऊ, म्या हे पैसे मजुरीच्या झगड्यासाठी देल्ले होते. त्याच्या जीपीत ते कोन टाकले? मी तं त्याले मतबी देल्लं नाही."

सभेत कोणालाही उत्तर देता आले नाही. पुढच्या हंगामात त्या बाईने आणि तिच्याबरोबरच्या अनेक जणींनी पावती फाडली नाही. मजुरीच्या दराची बोलणी निघाली तेव्हा समोरच्या पक्षाने हसत विचारले की, तुम्ही मजुरांच्या वतीने आला आहात की अमक्या उमेदवाराच्या वतीने? त्या वर्षी दर वाढला नाही. जीपला लागलेले डिझेल काही शे रुपयांचे होते. त्याची किंमत बायांनी हंगामभर मोजली. त्या बाईने विचारलेला प्रश्न जुना आहे, आणि त्याचे उत्तर कायद्यात आधीच लिहून ठेवलेले आहे, हे मला पुष्कळ नंतर समजले.

हिंदुस्थानात कामगार संघटनेला कायद्याचे छत्र मिळाले ते एका खटल्यामुळे. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटक गिरणीतील मजुरांच्या झगड्यात संघटनेचे पुढारी बी. पी. वाडिया यांच्याविरुद्ध १९२० साली मालकांनी न्यायालयात धाव घेतली, आणि मजुरांना संघटित करणे हाच जणू अपराध ठरू लागला. तेव्हा नारायण मल्हार जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती विधिमंडळात संघटनांच्या नोंदणीचा व संरक्षणाचा कायदा करावा असा ठराव मांडला. जोशी हे नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते. मुंबईत त्यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली होती. त्यांच्या ठरावानंतर पाच वर्षांनी १९२६ चा कामगार संघटना कायदा झाला आणि तो १ जून १९२७ पासून अमलात आला. कायद्याने संघटनेला संरक्षण दिले आणि त्याबरोबर हिशेबाचे बंधनही घातले. या हिशेबात राजकारणाच्या पैशाचा विचार पहिल्यापासून होता.

तो विचार विलायतेतील एका रेल्वे कामगाराच्या खटल्यातून आला. ऑस्बर्न नावाचा हा गृहस्थ रेल्वे कामगारांच्या संघटनेच्या एका शाखेचा चिटणीस होता. संघटना सर्व सभासदांकडून मजूर पक्षासाठी सक्तीने वर्गणी घेई. ऑस्बर्न उदारमतवादी होता. त्याला ते मान्य नव्हते. १९०९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि संघटनांना राजकीय खर्चच करता येणार नाही असे ठरले. त्या काळी तेथे खासदाराला पगार नव्हता. संघटनेच्या पैशावरच मजुरांचा प्रतिनिधी पार्लमेंटात बसू शके. म्हणजे एका सभासदाचा हक्क राखताना सगळ्या मजुरांचे तोंड बंद झाले. शेवटी १९१३ च्या कायद्याने मधला मार्ग काढला: संघटनेने राजकारणासाठी पैसा खर्चावा, पण तो वेगळ्या निधीतून, आणि ज्याला द्यायचा नसेल त्याला नाही म्हणण्याची मोकळीक असावी.

आमच्या १९२६ च्या कायद्याने हेच तत्त्व आणखी स्पष्टपणे घेतले. कलम १५ मध्ये सर्वसाधारण निधी कशावर खर्च करता येईल याची यादी होती: कचेरीचा खर्च, कामगारांचे तंटे, आजार, अपघात, शिक्षण, संघटनेचे वृत्तपत्र वगैरे. उमेदवाराचा प्रचार त्या यादीत नव्हता. कलम १६ मध्ये दुसरा निधी होता, सभासदांच्या नागरी आणि राजकीय हितासाठी. त्यातून उमेदवाराचा निवडणूक खर्च, त्याच्या समर्थनाच्या सभा व पत्रके, निवडून आलेल्या प्रतिनिधीचा चरितार्थ, मतदार नोंदणी आणि राजकीय सभा यांचा खर्च करता येई. विधिमंडळाच्याच नव्हे, तर नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेच्या निवडणुकीचाही.

अट एवढीच की, या दुसऱ्या निधीची वर्गणी वेगळी घेतली पाहिजे. ती कोणावरही सक्तीची नाही. जो देणार नाही त्याला संघटनेच्या कोणत्याही लाभातून वगळता येणार नाही, आणि ही वर्गणी दिली तरच सभासद करू असेही म्हणता येणार नाही. फक्त त्या निधीच्या कारभारात त्याला बोलण्याचा अधिकार राहत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२६ च्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. तिच्या कलम १५ मध्येही सर्वसाधारण निधी व वेगळा निधी हा भेद आणि सक्तीला मनाई ही दोन्ही तत्त्वे कायम आहेत.

म्हणजे आमच्या सभेतील त्या बाईचे म्हणणे शब्दशः कायद्याचे होते. आणि पुढाऱ्यांची इच्छाही बेकायदा नव्हती. त्यांना उमेदवाराला मदत करायची होती, तर दुसरा गल्ला काढून, ज्यांना पटेल त्यांच्याकडून वेगळी पावती फाडून ती करता आली असती. चूक मदतीत नव्हती, गल्ल्यात होती.

संघटनेला जे जमते ते धर्मादाय संस्थेला मात्र जमत नाही. आपल्याकडील पुष्कळशा सेवाभावी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. या कायद्यात राजकारणाचे स्थान काय, याचा निर्णय एका अशा खटल्यात झाला की ज्याचे नाव प्रत्येक मराठी माणसाने ऐकलेले आहे. केसरी व मराठा या वृत्तपत्रांचा विश्वस्त निधी सार्वजनिक धर्मादाय आहे की नाही, हा तो वाद. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की, ज्या निधीचा हेतू राजकीय आहे तो या कायद्याच्या अर्थाने धर्मादाय नव्हे. या निकालाने राजकारण वाईट ठरले नाही, की लोकमान्यांच्या कार्याला बाधही आला नाही. धर्मादायाच्या नोंदवहीत राजकारण बसत नाही, त्याची वही वेगळी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हे समजून घेतले म्हणजे पुढचे सोपे जाते. दवाखान्यासाठी आलेली देणगी ज्या संस्थेने उमेदवाराच्या मंडपाला लावली तिने दात्याचा आणि रुग्णाचा दोघांचा विश्वास मोडला. तो खर्च उद्देशाबाहेरचा ठरतो, विश्वस्तांना जाब द्यावा लागतो आणि प्राप्तिकरातील सवलत धोक्यात येते. अमेरिकेतही १९५४ साली लिंडन जॉन्सन यांच्या सूचनेवरून असा नियम झाला की, करमाफी घेणाऱ्या धर्मादाय संस्थेने कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरुद्ध प्रचारात भाग घेऊ नये. परंतु त्या संस्थांना सार्वजनिक प्रश्नांवर बोलण्याची सरसकट बंदी तेथेही नाही.

परदेशातून येणाऱ्या पैशाचा नियम आणखी कडक आहे. २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याप्रमाणे उमेदवार, राजकीय पक्ष आणि राजकीय स्वरूपाची संघटना यांना परदेशी देणगी घेता येत नाही. राजकीय स्वरूप म्हणजे काय, हे ठरवताना २०११ च्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको, जेल भरो ही साधने नेहमी वापरणारी संस्थाही धरली होती. म्हणजे एखाद्या गावाने पाण्यासाठी रस्ता अडवला, आणि तेथील संस्था त्यात उभी राहिली, तर ती राजकीय! हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ६ मार्च २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, सक्रिय किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध नसताना लोकांच्या प्रश्नासाठी ही साधने वापरली म्हणून कोणाला राजकीय ठरवता येणार नाही. प्रश्नासाठी लढणे एक आणि सत्तेसाठी लढणे दुसरे, ही रेघ न्यायालयानेही ओढली.

ही रेघ आपल्याकडे परकी नाही. पुणे सार्वजनिक सभा १८७० साली निघाली ती लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडण्यासाठी. १८९६-९७ च्या दुष्काळात सभेची माणसे खेड्याखेड्यांत जाऊन सरकारच्याच दुष्काळी नियमांप्रमाणे शेतकऱ्याला काय सवलत मिळते हे समजावून सांगू लागली. सरकारला ते खपले नाही. मार्च १८९७ मध्ये त्याने जाहीर केले की, सार्वजनिक प्रश्नांवर सरकारला लिहिण्याचा अधिकार असलेली संस्था म्हणून सभेला यापुढे मानले जाणार नाही. आपल्या जिल्ह्यात १९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. राखीव रानातील गवत कापणे हा त्या दिवशी गुन्हा होता. कोणी उमेदवार नव्हता, कोणाला मत मागितलेले नव्हते. तेव्हा बोलण्याचा हक्क सरकारच्या मर्जीवर होता. १९५० पासून तो राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये आहे: भाषणाचा, शांततेने जमण्याचा आणि संघटना करण्याचा. हा हक्क निवडणुकीच्या दिवसांत खुंटीला टांगून ठेवायचा नसतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामांची वाटणी कशी केली हेही पाहण्यासारखे आहे. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ ची निवडणूक लढवली. १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन ही राजकीय संस्था काढली. परंतु १९४५ साली महाविद्यालये चालवण्यासाठी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्वतंत्रपणे स्थापन केली. नेता एकच होता. पण विद्यार्थ्याची वही आणि पक्षाची वही त्यांनी एकीत शिवली नाही.

आता निवडणुकीच्या प्रत्यक्ष कायद्याकडे येतो. तो पक्षाला आणि उमेदवाराला तर लागू आहेच, पण काही कलमे तुम्हाआम्हाला, कोणत्याही संस्थेला आणि कोणत्याही नागरिकाला लागू आहेत. तीच येथे सांगतो.

पहिली गोष्ट पैशाची. उमेदवाराच्या लेखी परवानगीवाचून त्याच्या विजयासाठी सभा, जाहिरात, पत्रक किंवा अन्य कशावरही खर्च करणे हा गुन्हा आहे. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम १७१ ह मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. दंड पूर्वी ५०० रुपयांपर्यंत होता, आता १०,००० रुपयांपर्यंत आहे. गंमत अशी की, दहा रुपयांपर्यंतचा खर्च परवानगीवाचून झाला आणि दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता घेतली तर चालते, ही सवलत नव्या कायद्यातही तशीच आहे. दहा रुपयांत आज चहाचा एक कप येतो. तेव्हा परवानगी आधी घ्यावी हे बरे.

परवानगी दिली की तो खर्च उमेदवाराच्या हिशेबात येतो. आपल्या राज्यात २०२४ च्या निवडणुकांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची मर्यादा होती. या मर्यादेला जुनी पळवाट होती. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात सांगितले की, पक्षाने उमेदवारासाठी केलेला आणि उमेदवाराने चालू दिलेला खर्च त्याच्याच खात्यावर पडेल. लगेच त्याच वर्षी कायदा बदलून पक्षाचा आणि मित्रमंडळींचा खर्च मर्यादेबाहेर काढण्यात आला. २००३ च्या दुरुस्तीने ही मोकळीक आवळली आणि ती मुख्यतः पक्षाच्या प्रमुख प्रचारकांच्या प्रवासापुरती ठेवली. आमच्या जीपसारख्या मित्रत्वाच्या मदतीला म्हणूनच हिशेब लागतो.

दुसरी गोष्ट पत्रकाची. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ अ प्रमाणे, उमेदवाराच्या विजयाला मदत करणारे किंवा त्याला बाधक होणारे कोणतेही छापील पत्रक अथवा भित्तिपत्रक मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव व पत्ता असल्याशिवाय छापता येत नाही. प्रकाशकाने आपण कोण हे सही करून लिहून द्यावे, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी त्यावर साक्ष घालावी, आणि मुद्रकाने त्याची व पत्रकाची प्रत सरकारी अधिकाऱ्याकडे पाठवावी. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. केवळ सभेची तारीख, वेळ व ठिकाण सांगणारे पत्रक यात येत नाही. निनावी कागद रात्री दाराखाली सरकवण्याची रीत आपल्याकडे आहे. ती कायद्याने निषिद्ध आहे, आणि मी म्हणेन की संघटनेच्या इभ्रतीलाही शोभत नाही. ज्याला आपले म्हणणे खरे वाटते त्याने खाली आपले नाव घालावे.

तिसरी गोष्ट शेवटच्या दोन दिवसांची. मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीचे ४८ तास कलम १२६ प्रमाणे निवडणुकीसंबंधी जाहीर सभा व मिरवणूक यांना बंदी असते. आपल्या जिल्ह्यात हे जपून पाहावे लागते. जिल्ह्याचे सात विधानसभा मतदारसंघ लोकसभेसाठी तीन ठिकाणी वाटलेले आहेत: यवतमाळ, राळेगाव, दिग्रस व पुसद हे यवतमाळ-वाशीममध्ये, वणी आणि आर्णी चंद्रपूरमध्ये, तर उमरखेड हिंगोलीमध्ये. २०२४ साली चंद्रपूरचे मतदान १९ एप्रिलला झाले आणि यवतमाळ-वाशीम व हिंगोलीचे २६ एप्रिलला. म्हणजे वणीत १७ तारखेच्या संध्याकाळी सभा बंद, तर यवतमाळात त्या संध्याकाळी सभा चालू. वणीचा कोळसा खाणीतला मजूर आणि यवतमाळचा हमाल एकाच संघटनेत असतील, तर चिटणिसाने दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवल्या पाहिजेत.

चौथी गोष्ट दडपणाची. हमालांच्या टोळीचा मुकादम जर म्हणाला, "अमक्याला मत दिले नाही तर उद्यापासून टोळीत येऊ नकोस," तर तो सल्ला नव्हे, धमकी आहे. मतदाराला कोणत्याही प्रकारच्या नुकसानीची भीती घालणे हा निवडणुकीतील गैरवाजवी दबावाचा गुन्हा आहे. जातीतून वा समाजातून वाळीत टाकण्याची धमकीही त्यातच येते. तसेच उमेदवाराच्या खासगी चारित्र्याविषयी खोटे विधान करणे हाही गुन्हा आहे. धर्म, जात, भाषा यांच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार होय, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, हे मतदाराच्या धर्म-जातीच्या नावाने केलेल्या आवाहनालाही लागू आहे.

पाचवी गोष्ट सभासदांची. आपल्या संघटनेत सरकारी नोकर असतील तर त्यांच्यावर वेगळे बंधन आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ च्या नियम ५ प्रमाणे त्यांना राजकारणात व निवडणुकीच्या प्रचारात भाग घेता येत नाही. मत द्यावे, प्रचार करू नये. अशा सभासदाच्या हाती पक्षाचे पत्रक देणे म्हणजे त्याची नोकरी धोक्यात घालणे होय.

येथवर वाचून कोणी म्हणेल, पहिला माणूसच बरोबर होता. गप्प बसणेच बरे. तसे नाही. आचारसंहितेविषयी सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. आदर्श आचारसंहितेची सुरुवात १९६० साली केरळात झाली, आणि पुढे निवडणूक आयोगाने ती देशभर लागू केली. ती बांधते ती पक्षांना, उमेदवारांना आणि सत्तेवरील सरकारला. सरकारने नव्या योजना जाहीर करू नयेत, सरकारी गाड्या व पैसा प्रचाराला वापरू नये, हा तिचा गाभा. मजुराने थकलेली मजुरी मागू नये असे तिच्यात कोठेही नाही. एकदा एका कचेरीत आमचे निवेदन "आचारसंहिता आहे" म्हणून परत केले गेले. मागणी काय होती? मागच्या वर्षीच्या कामाची राहिलेली मजुरी. आम्ही आचारसंहितेची छापील प्रत पुढे ठेवली आणि विचारले, कोणत्या कलमाने? निवेदन घेतले गेले, पोच मिळाली. सभेची परवानगी घ्यावी लागते, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. हे नियम पाळावेत आणि आपले काम चालू ठेवावे.

उलट निवडणूक हाच प्रश्न विचारण्याचा काळ आहे. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने न्यायालयात धरलेल्या नेटामुळे २ मे २००२ आणि १३ मार्च २००३ या दोन निकालांनंतर प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि फौजदारी खटले शपथपत्रात जाहीर करावे लागतात. त्या संस्थेने कोणालाही मत द्या म्हटले नाही. तिने मतदाराच्या हाती माहिती दिली. पक्षाबाहेर राहून लोकशाहीचे केवढे काम करता येते याचा हा धडा आहे. तसेच, उमेदवाराकडून सार्वजनिक धोरणाचे आश्वासन मागणे ही लाच नव्हे. लाचेच्या कलमातच सार्वजनिक कृतीचे वचन वगळलेले आहे. कापसाच्या भावाबद्दल, हमालांच्या माथाडी मंडळाबद्दल, जिनिंगमधील बायांच्या मजुरीबद्दल आपण सर्व उमेदवारांना खुशाल विचारावे.

आमच्या युनियनने यातून काही रिवाज घातले. ते कायद्यापेक्षा थोडे कडकच आहेत. पहिला: सर्वसाधारण वर्गणीचे पावतीपुस्तक आणि राजकीय निधीचे पावतीपुस्तक वेगळ्या रंगाचे, पेटीही वेगळी. राजकीय निधीची पावती फाडण्यापूर्वी "ही ऐच्छिक आहे" हे वाक्य मोठ्याने वाचायचे, कारण आमच्या पुष्कळ सभासदांना वाचता येत नाही. दुसरा: निवडणूक लागली की पाच प्रश्नांचा एकच कागद सर्व उमेदवारांना एकाच दिवशी पाठवायचा, आणि आलेली उत्तरे, न आलेल्यांच्या नावासह, जशीच्या तशी फळ्यावर लावायची. खाली आपले मत लिहायचे नाही. तिसरा: पदाधिकाऱ्याला स्वतः उभे राहायचे असेल किंवा उघड प्रचार करायचा असेल तर त्याने तेवढ्या काळापुरते पद सोडावे. चौथा: एखाद्या उमेदवाराला पाठिंबा द्यायचा झाला तर तो सभेच्या ठरावाने, राजकीय निधीतून आणि उमेदवाराच्या लेखी संमतीने. अजूनपर्यंत असा ठराव दोनदाच आला. एकदा तो पडला. पाचवा: ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांचे नियम दर वेळी वेगळे मागवून वाचायचे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो वजनदार आहे. मोठमोठ्या पैसेवाल्यांना कोण विचारतो? त्यांचे मार्ग अनेक, आणि हिशेब मात्र गरिबाच्या दोन रुपयांचा! आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तर आपली वही फाडून टाकणे हे नव्हे. पैसेवाल्याजवळ पैसा असतो. आपल्याजवळ माणसे असतात, आणि माणसे विश्वासावर टिकतात. ज्या दिवशी आमच्या पावतीवरचा विश्वास उडाला त्या दिवशी आमच्याजवळ काहीच उरले नाही, हे मी १९९५ च्या हंगामात डोळ्यांनी पाहिले आहे. दुसऱ्याकडे हिशेब मागण्याचा अधिकार ज्याचा हिशेब उघडा आहे त्यालाच शोभतो.

त्या बाईला युनियनमध्ये परत यायला चार हंगाम लागले. मी तिच्या घरी दोन पावतीपुस्तके घेऊन गेलो होतो. तिने दोन्ही हातात घेऊन पाहिली, रंग विचारले आणि सर्वसाधारण वर्गणीची पावती फाडायला सांगितली. दुसरे पुस्तक तिने परत दिले. मी ते पिशवीत ठेवले. पुढे मजुरीच्या बोलणीला ती आमच्याबरोबर आली, आणि दराचा आकडा टेबलावर तिनेच सांगितला.